पाट्यापासून पाकिटापर्यंत

अमेरिकेतल्या मोठ्या किराणा दुकानात गोठवलेल्या जेवणाची एक वेगळी रांगच असते. काचेच्या दारांची उंच कपाटे, आत थंडगार धुके, आणि त्यात रचून ठेवलेली चपटी पाकिटे. त्यातला एक कप्पा हमखास मेक्सिकन जेवणाचा. राजमा आणि भात भरलेला बरिटो, मक्याच्या पोळ्यांवर लाल मिरचीचा रस्सा घातलेला एन्चिलाडा, मक्याच्या कणसाच्या पानात गुंडाळून वाफवलेला तमाल. अलीकडे यातल्या बऱ्याच पाकिटांवर ‘व्हीगन’ असा शिक्का असतो. म्हणजे मांस-मासे-अंडी तर नाहीतच, पण दूध, लोणी, चीज आणि मधसुद्धा नाही. तीन-चार मिनिटे मायक्रोवेव्हमध्ये ठेवले की दुपारचे जेवण तयार. हॉटेलात जाण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त.

ज्यांची मुले-सुना तिकडे आहेत त्यांना ही पाकिटे ठाऊक असतील. आमच्या नात्यात मध्यंतरी यावरून बरीच चर्चा झाली. एका ज्येष्ठ वहिनींचे म्हणणे, ‘बिचारी पोर दुपारी ऑफिसात बर्फातले शिळे खाते.’ दुसऱ्या बाजूने कुणी म्हणाले, ‘व्हीगन म्हणजे नुसते फॅड.’ मी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. पण आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे एक खोड लागली आहे. समोर आलेली वस्तू इथवर कुठून आणि कुणाच्या हातून आली, हे बघितल्याशिवाय तिच्यावर मत द्यायचे नाही. म्हणून या पाकिटाचा इतिहास जमेल तसा मांडते आहे.

सुरुवात मक्यापासून करायला हवी. मका हे निसर्गात आपोआप उगवणारे पीक नाही. मेक्सिकोच्या नैर्ऋत्येला बाल्सास नावाच्या नदीचे खोरे आहे. तिथे सुमारे ९००० वर्षांपूर्वी तेओसिंते नावाच्या एका रानगवतापासून माणसांनी निवडून निवडून मका घडवला. तेओसिंतेचे कणीस बोटभर, दाणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि दगडासारख्या टणक कवचातले. त्यातून आजचे भरदार कणीस तयार व्हायला शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्या लागल्या. त्याच शेतात मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढवायचा आणि खाली जमिनीवर भोपळा पसरू द्यायचा, अशी तिथली पद्धत. घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात, भोपळ्याची पाने ओल टिकवतात, आणि मक्याचे ताट वेलाला आधार देते. आपल्याकडे ज्वारीत तुरीच्या ओळी घालतात, त्यातलाच हा शहाणपणा.

मका आणि घेवडा शेतात शेजारी होते, तसेच ताटातही. मक्याच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो, घेवड्यात तो भरपूर. घेवड्यात मेथिओनिन कमी, मक्यात ते त्या मानाने बरे. दोन्ही एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आपल्या वरणभाताचेही गणित हेच आहे.

स्पॅनिश लोक १५१९ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागले आणि १५२१ मध्ये त्यांनी अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान जिंकली. त्याआधी त्या देशात गाय नव्हती, डुक्कर नव्हते, शेळी-मेंढी नव्हती, कोंबडी नव्हती. टर्की, कुत्रे, हरिण, मासे, काही किडे हे लोक खात, तेव्हा त्यांना शाकाहारी म्हणणे बरोबर होणार नाही. पण सामान्य माणसाच्या रोजच्या जेवणात मका, घेवडा, भोपळा, मिरची, राजगिरा हेच असे. दूध-दुभते हा प्रकार तर नव्हताच. लोणी नाही, तूप नाही, चीज नाही. आज पाकिटावर ज्याला ‘व्हीगन’ म्हणतात, तसे जेवण तिथला गरीब माणूस बहुतेक दिवस जेवत होता. त्याला कुणी नाव दिले नव्हते, इतकेच.

स्पॅनिश लोकांबरोबर डुकरे आली आणि डुकराची चरबी स्वयंपाकघरात शिरली. शिजवून ठेचलेला घेवडा चरबीत परतायचा, ही ‘फ्रिहोलेस रेफ्रितोस’ नावाची आता जगप्रसिद्ध झालेली कृती त्यानंतरची. तमालाच्या पिठातही चरबी फेटून घालू लागले. गायी आल्या, त्यांच्यामागून चीज आले. आपण ज्याला आज मेक्सिकन जेवण म्हणून ओळखतो, त्यातला चीजचा थर आणि चरबी हे पाहुण्यांचे देणे आहे. तेव्हा चरबी आणि चीज काढून टाकलेले मेक्सिकन जेवण बघून ‘हे काय खरे मेक्सिकन नव्हे’ असे कुणी म्हणाले, तर त्यांना सांगावे की ते उलट जास्त जुने आहे.

त्याच सुमारास पलीकडून आपल्याकडेही देणे येत होते. मिरची, टोमॅटो, मका, राजमा, पेरू, तांबडा भोपळा या सगळ्यांचे मूळ अमेरिका खंडात. मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपल्याकडे तिखटासाठी मिरी वापरत. ज्या राजम्याला आपण उत्तरेकडचा म्हणतो, त्याचेही आजोळ तिकडेच. त्यामुळे राजमा-भाताचा बरिटो खाताना आपल्या मुलांना ती चव परकी वाटत नाही, यात नवल नाही.

आता या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. मेक्सिकोतल्या बायका मका कोरडा दळत नसत. रात्री मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळायचे, तसेच ठेवायचे, सकाळी चोळून धुवायचे आणि ओलेच वाटायचे. तो चुना म्हणजे आपल्या पानाला लावतो तोच. कुठे चुन्याऐवजी लाकडाची राख. या शिजवलेल्या मक्याला तिथल्या जुन्या नाहुआत्ल भाषेत ‘निश्तमाल’ म्हणतात. त्यामुळे दाण्याचे जाड साल सुटते, पीठ चिकट होऊन त्याची पोळी थापता येते, आणि पिठात कॅल्शियम येते. शिवाय आणखी एक गोष्ट घडते, जी डोळ्यांना दिसत नाही. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व असे बांधलेले असते की नुसते खाल्ल्याने ते अंगाला लागत नाही. चुन्याच्या पाण्याने ते मोकळे होते.

ही गोष्ट किती मोलाची, हे युरोपला फार मोठी किंमत मोजून कळले. युरोपीय लोकांनी मका नेला, पण त्या बायकांची कृती नेली नाही. स्पेनच्या आस्तुरियास भागात गास्पार कासाल या वैद्याने १७३५ मध्ये एका नव्या रोगाचे वर्णन केले. कातडी लाल होऊन सोलवटते, जुलाब होतात, शेवटी भ्रम होतो. हाच पेलाग्रा. पुढे इटलीत, आणि विसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, मक्यावर जगणाऱ्या गरिबांमध्ये तो पसरला. १९०६ ते १९४० या काळात अमेरिकेत सुमारे ३० लाख लोकांना तो झाला आणि जवळजवळ १ लाख माणसे दगावली असा अंदाज आहे. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांनी १९१४ पासून या रोगाच्या मागे लागून सिद्ध केले की हा संसर्ग नाही, निकृष्ट आहाराचा परिणाम आहे. नायसिन हे त्यावरचे औषध असल्याचे १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांच्या संशोधनातून ठरले. आणि मेक्सिकोतल्या निरक्षर बायका ते औषध हजारो वर्षे रोज रात्री चुलीवर शिजत ठेवत होत्या!

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हा ओला मका वाटायचा कशावर? ‘मेताते’वर. मेताते म्हणजे तीन बुटक्या पायांचा, समोर उतरता असा दगडी पाटा. त्यावर वरवंटा दोन्ही हातांनी पुढे ढकलायचा आणि मागे ओढायचा, तोही गुडघ्यांवर बसून. घरातल्या पाच-सहा माणसांना पुरतील इतक्या पोळ्या करायच्या तर बाईचे रोजचे पाच ते सहा तास या वाटण्या-थापण्यातच जात. ओला गोळा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, आंबतो. म्हणून आज जास्त वाटून उद्या विश्रांती घेऊ, असेही नाही. उत्खननात सापडलेल्या बायकांच्या सांगाड्यांतही गुडघ्यांवर आणि पाठीच्या मणक्यांवर या कामाच्या खुणा अभ्यासकांना दिसल्या आहेत.

माझ्या लहानपणी आमच्या गावात पिठाची गिरणी नुकती आली होती. आईच्या तळहाताला जात्याच्या खुंट्याने पडलेले घट्टे मी पाहिलेले आहेत. जात्यावरच्या ओव्या आपण आज कौतुकाने जमवतो, आणि जमवाव्यातच. पण गिरणी आल्यावर परत जात्याकडे वळलेली एकही बाई मला आठवत नाही.

मेक्सिकोतही गिरणी आली. निश्तमाल ओलाच दळून देणारी गिरणी, तिला तिथे ‘मोलिनो’ म्हणतात. गावोगावी ती पोहोचायला विसाव्या शतकाचा दुसरा चतुर्थांश उजाडला. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला तेपोझ्त्लान नावाचे गाव आहे. ऑस्कर लुइस या मानववंशशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये त्या गावावर मोठे पुस्तक लिहिले. त्यात या गिरणीची हकिगत आहे. पुरुषांनी तिला विरोध केला. गिरणीच्या पिठाच्या पोळीला चव नाही, आणि बायकांना रिकामा वेळ मिळाला तर त्या बिघडतील, अशी कारणे. पहिली गिरणी त्या विरोधापायी बंद पडली. पुढची चालली, कारण बायकांनी ती चालवून दाखवली. वाचलेल्या वेळात त्यांनी शिवण केले, कोंबड्या पाळल्या, बाजारात माल विकला. १९४९ मध्ये उत्तरेकडच्या नुएव्हो लेओन प्रांतात निश्तमालाचे कोरडे पीठ कारखान्यात तयार करून विकण्याचा उद्योग सुरू झाला. त्यातूनच पुढे ‘मासेका’ हे पीठ घरोघरी गेले. पाणी घालून मळले की झाले. जुन्या लोकांनी यालाही नाके मुरडली.

या मक्याच्या कथेत एक आपला मराठी माणूसही आहे, आणि त्याचे नाव आपल्या पुस्तकांत फार कमी येते. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे, मूळचे वर्ध्याचे. स्वातंत्र्यासाठी तरुणपणी देश सोडला, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत उतरले, पहिल्या महायुद्धात इराणच्या बाजूला इंग्रजांविरुद्ध लढले. इंग्रज सरकारने परतीची वाट बंद केली. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. तिथे त्यांनी मक्याच्या नव्या वाणांवर काम केले. मका आणि त्याचा रानटी पूर्वज तेओसिंते यांच्या संकराचेही प्रयोग केले. गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर ‘आमची रोजची भाकर’ या अर्थाच्या नावाचे भित्तिचित्र काढले. त्यात मध्यभागी बसून भाकर मोडून सर्वांना वाटणारा जो माणूस आहे, तो खानखोज्यांवरून रंगवलेला आहे. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले, नागपूरला राहिले आणि १९६७ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी त्यांचे इंग्रजीत चरित्र लिहिले आहे. २०२२ मध्ये चापिंगो विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला. मेक्सिकोतल्या गरिबाच्या ताटात भाकरी जास्त पडावी म्हणून झटलेला माणूस वर्ध्याचा होता, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवे.

आता बरिटोकडे येऊ. बरिटो मक्याचा नसतो, गव्हाच्या मोठ्या पोळीचा असतो. मेक्सिकोच्या उत्तरेकडे, सोनोरा-चिवावा भागात, स्पॅनिशांनी आणलेला गहू चांगला पिकला. तिथे पातळ आणि मोठ्या पोळ्या करू लागले. ‘बुरितो’ या शब्दाचा अर्थ छोटे गाढव. असे नाव का पडले याच्या अनेक कहाण्या आहेत, त्यांतली एकही पक्की नाही. एवढे मात्र छापील आहे की १८९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेक्सिकन शब्दांच्या एका कोशात हा शब्द येतो. आत मांस किंवा आणखी काही भरून गुंडाळलेली पोळी, असा त्याचा अर्थ तिथे दिला आहे. म्हणजे आपल्या डब्यातली पोळीची गुंडाळी. ताट नको, चमचा नको, शेतात उभ्याने खाता येते. मजुराची न्याहारी.

आणि ती मजुरांबरोबरच सीमा ओलांडून अमेरिकेत गेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला शेतीकामाला माणसे कमी पडू लागली. तेव्हा १९४२ मध्ये दोन्ही देशांत ‘ब्रासेरो’ करार झाला. तो १९६४ पर्यंत चालला आणि त्या २२ वर्षांत मेक्सिकन मजुरांशी सुमारे ४६ लाख करार झाले. एकेक माणूस अनेकदा येई, म्हणून माणसांची संख्या त्याहून कमी. लेट्यूस, टोमॅटो, कापूस, बीट यांच्या शेतांत त्यांनी कंबर मोडेपर्यंत काम केले. छावण्यांत मिळणाऱ्या जेवणाबद्दल त्यांच्या सतत तक्रारी असत. पोळीत गुंडाळलेला घेवडा हे त्यांचे घरचे अन्न होते. भरपोट, स्वस्त, आणि कामाच्या मधल्या सुट्टीत संपणारे.

आता गोठवण्याची गोष्ट. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय नावाचा एक अमेरिकन गृहस्थ १९१२ नंतर काही वर्षे कॅनडाच्या लाब्राडोर भागात होता. तिथले इनुइट लोक पकडलेला मासा कडाक्याच्या वाऱ्यात ठेवत, तो काही क्षणांत दगडासारखा होई, आणि महिन्यांनी वितळवला तरी ताजा लागे. हळूहळू गोठवले तर अन्नात बर्फाचे मोठे स्फटिक होतात, ते पेशी फाडतात, आणि वितळल्यावर पाणी सुटून चोथा उरतो. झटकन गोठवले तर स्फटिक बारीक राहतात. हे तत्त्व त्याने यंत्रात उतरवले. १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्‌समधल्या स्प्रिंगफील्ड शहरातल्या काही दुकानांत त्याच्या पद्धतीने गोठवलेले पदार्थ प्रथम विक्रीला आले. १९५३-५४ मध्ये स्वॉन्सन कंपनीने ॲल्युमिनियमच्या कप्पेवाल्या ताटलीत पूर्ण जेवण गोठवून विकायला काढले. ‘टीव्ही डिनर’ या नावाने ते गाजले.

मेक्सिकन जेवणही मागे राहिले नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात ड्वेन रॉबर्ट्‌स या तरुणाच्या घरचा मांस पुरवण्याचा धंदा होता. गोठवलेला बरिटो बाजारात आणण्याचे श्रेय त्याला दिले जाते, साल १९५६. शाळांची उपाहारगृहे, कारखान्यांची कॅन्टीन, पेट्रोल पंपाशेजारची दुकाने, सगळीकडे तो शिरला.

नीट विचार केला तर हे जेवण गोठवण्यासाठीच जन्मल्यासारखे आहे. काकडी गोठवली तर तिचे पाणी होते, हिरवी कोशिंबीर काळी पडते. पण मऊ शिजलेला घेवडा, भात, मिरची-टोमॅटोचा दाट रस्सा यांचे गोठवून फारसे काही बिघडत नाही. उणे १८ अंशांवर जंतूंची वाढ होत नाही. म्हणून वहिनींच्या ‘शिळे’ या शब्दाला माझा अडखळत का होईना, विरोध आहे. शिळे म्हणजे जे ठेवल्या ठेवल्या उतरत जाते ते. हे अन्न शिजल्या दिवसाच्या जवळपास तसेच थांबलेले असते. ताज्या पोळीची सर त्याला येणार नाही, हे मीही मान्य करते.

हे पाकीट मिनिटांत गरम व्हायला आणखी एक यंत्र लागले. १९४५ मध्ये पर्सी स्पेन्सर हा रेथिऑन कंपनीतला अभियंता रडारसाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉनजवळ उभा असताना त्याच्या खिशातली चॉकलेटची वडी वितळली. त्यातून मायक्रोवेव्ह भट्टी निघाली. पहिल्या भट्ट्या माणसाएवढ्या उंच होत्या. घरच्या ओट्यावर मावेल अशी भट्टी १९६७ मध्ये आली, किंमत ४९५ डॉलर. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या शंभरांतल्या जेमतेम एका घरात ती होती. १९८६ मध्ये पंचविसांत, आणि १९९७ मध्ये नव्वदांहून अधिक घरांत. कचेऱ्यांच्या उपाहारकक्षांतही ती जाऊन बसली. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात पाच तासांपेक्षा जास्त काम असेल तर अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी आहे. त्या अर्ध्या तासात हात धुणे, रांग, जेवण, परत जागेवर जाणे. तीन मिनिटांच्या जेवणाचा खरा अर्थ तिथे कळतो.

राहिला ‘व्हीगन’ हा शब्द. तो १९४४ चा आहे. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन नावाचे एक सुतारकाम शिकवणारे शिक्षक होते. शाकाहारी म्हणवणाऱ्यांनी दूधही सोडावे असे त्यांना आणि त्यांच्या मित्रमंडळींना वाटे. इंग्रजीतल्या ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाची सुरुवातीची आणि शेवटची अक्षरे जोडून त्यांनी हा नवा शब्द केला आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये व्हीगन सोसायटी स्थापन झाली. महायुद्ध चालू, रेशनिंग चालू, आणि एक शाळामास्तर नवा शब्द घडवतो आहे, याचे मला फार कौतुक वाटते. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावात १९८७ मध्ये ‘एमीज किचन’ ही गोठवलेल्या शाकाहारी जेवणाची कंपनी सुरू झाली. राजमा-भाताचा, चीज नसलेला बरिटो हा तिच्या नेहमीच्या पदार्थांपैकी एक. आता अशा अनेक कंपन्या आहेत. इतकी वळणे घेऊन चरबीआधीचा, चीजआधीचा घेवडा परत त्याच पोळीत येऊन बसला.

एवढे वाचून मी या पाकिटांची जाहिरात करते आहे असे कुणाला वाटेल. तसे नाही. पाकिटावरची बारीक अक्षरे वाचावीत. ‘मेक्सिकन’ आणि ‘बीन्स’ एवढे लिहिले म्हणजे चरबी किंवा कोंबडीचे पाणी नाही असे नसते, आणि ‘शाकाहारी’ लिहिले म्हणजे चीज नाही असेही नसते. मीठ तर भरपूर असते. एकेका बरिटोत ५०० ते ७०० मिलिग्रॅम सोडियम सहज सापडते. मोठ्या माणसासाठी दिवसाची मर्यादा २३०० सांगितली आहे. रक्तदाब असणाऱ्यांनी रोज दोन-दोन पाकिटे खाऊ नयेत. आणि निव्वळ पैशाचा हिशेब केला तर कोरडा राजमा भिजवून शिजवणे केव्हाही स्वस्त.

पण त्या हिशेबात एक रकाना आपण नेहमी कोरा ठेवतो. राजमा रात्री आठवणीने भिजवणारी, सकाळी कुकर लावणारी, पोळ्या लाटणारी, डबा भरणारी, आणि संध्याकाळी तोच डबा घासणारी. तिचा वेळ आपण फुकट धरला आहे. मेक्सिकोतल्या पुरुषांना गिरणीचे पीठ बेचव लागत होते, ते बहुधा खोटे नसावे. पाट्यावरचे वाटण खरोखरच चांगले लागते. प्रश्न इतकाच की त्या चवीसाठी गुडघ्यांवर कोण बसणार होते, आणि तक्रार कोण करत होते.

आणि हेही विसरायला नको की कष्ट कमी होतात तेव्हा ते सगळेच नाहीसे होत नाहीत, काही दुसऱ्याच्या अंगावर जातात. गोठवलेल्या जेवणाच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या पोळ्यांमध्ये सारण भरून त्या गुंडाळायला माणसेच लागतात, आणि कॅलिफोर्नियात त्यांत मेक्सिकोहून आलेल्या बायका पुष्कळ. २०२२ मध्ये अशाच एका कारखान्यातल्या कामगारांनी पट्ट्याचा वेग आणि त्यामुळे हात-खांद्यांना होणाऱ्या दुखापती यांबद्दल तक्रारी केल्या होत्या, कंपनीने त्या मान्य केल्या नाहीत. खरेखोटे करणारी मी कोण? पण मेतातेवरचे खांदे दुखणे कुठे गेले, हे शोधायचे तर तिथे बघावे लागेल. व्हीगन माणूस गायीचा विचार करतो, ही चांगली गोष्ट आहे. त्याने पोळी गुंडाळणाऱ्या हातांचाही विचार करावा. आणि आपण, जे ‘घरचे ते घरचे’ म्हणतो, त्यांनीही घरातल्या हातांचा करावा.

वहिनींना मी एवढेच सांगितले की तुमची सून दुपारी जे खाते ते घेवडा, भात आणि पोळी आहे. ते अन्न मेक्सिकोतल्या मजुराचे आहे, त्यामागे हजारो वर्षांची अक्कल आहे आणि असंख्य बायकांची पाठ आहे. रविवारी तिला वेळ असेल तेव्हा ती राजमा भिजवेल. नसेल वेळ, तर मुलगा भिजवेल. त्याला येत नसेल तर शिकेल, आठ तास भिजत ठेवण्यात अवघड असे काही नाही. यावर वहिनी काही बोलल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत.

तुमच्या घरी याबद्दल काय बोलले जाते, ते जरूर कळवा. आणि मेक्सिको सिटीला कुणी जाणार असाल, तर शिक्षण मंत्रालयातले ते भित्तिचित्र बघून या. वर्ध्याचा माणूस तिथे भाकर वाटतो आहे.